सही झाली तरच देह

मी, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर आणि आमच्या कामगार संघटनेची माजी सरचिटणीस, वय वर्षे अठ्ठावन्न, हे माझे अखेरचे मृत्युपत्र करीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी घर पतीला दिले होते, पण तेव्हा ते या घरात राहत होते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. जीभ शाबूत असल्याचा दाखला या शहरातले कोणतेही सभागृह देईल. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला जे आले होते, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

कलम १. राहत्या दोन खोल्या, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक माझ्या पुतणीस मिळावी. ती वकील आहे. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी तिलाच नेमते. पुस्तके मात्र संघटनेच्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी लेखकांशी भांडले आहे. ते खोडू नये.

कलम २. लग्नातली अंगठी पतीस द्यावी. ती दोन ठिकाणी कापलेली आहे. बोट निळे पडले तरी ती निघेना, म्हणून सोनाराने ती माझ्या बोटावरच कापली. त्या संध्याकाळी पती म्हणाले, "तुझ्याशी नाही, तुझ्या भावाशी लग्न केल्यासारखं वाटतं." पुढच्या महिन्यात ते घर सोडून गेले. ते गेले याबद्दल माझी तक्रार नाही. अंगठी मोडीत घालावी आणि आलेल्या पैशांत त्यांनी एक चांगला आरसा घ्यावा.

कलम ३. फोटोंचा आल्बम दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. माझा आवाज जाड झाला तेव्हा दादा म्हणायचा, "सभांमधून एवढी ओरडतेस, दुसरं काय होणार?" एक्स्चेंजमध्ये लोक मला "साहेब, जरा लाइन जोडून द्या" म्हणू लागले. मी जोडून देत असे. मोर्चात त्या आवाजाचा उपयोगच होत होता. वर्षे अशीच गेली. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझे जुने फोटो मागवले आणि टेबलावर ओळीने मांडले.

"हे सगळे फोटो एकाच व्यक्तीचे आहेत?" त्यांनी विचारले.

"हो," दादा म्हणाला, "फक्त शेवटच्या चारांत ती पुढारी झालीय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला, जीभ पाहिली, चपलेचा नंबर विचारला. रोग तिथे सापडला. दादाने तो आल्बम वरचेवर उघडावा. समोरचे माणूस बदलत असताना आपण काय बघत होतो, एवढेच त्याने स्वतःला विचारावे.

कलम ४. हे कलम लांब आहे. ज्याला घाई असेल त्याने घराचे कलम वाचून निघून जावे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका म्हणतात. पीयूष म्हणजे अमृत. हे नाव ठेवणाऱ्याने माझा चेहरा पाहिलेला नव्हता. माझ्या पीयूषिकेत गाठ झाली आणि ती वाढीचे संप्रेरक बेसुमार सोडू लागली. मोठ्या माणसाची उंची वाढत नाही, म्हणून ही वाढ आडवी पसरते: हात, पाय, जबडा, जीभ आणि सरतेशेवटी हृदय. शस्त्रक्रिया झाली, पण रक्तवाहिनीला बिलगलेला तुकडा काढता आला नाही. बाजारातल्या औषधांना तो दाद देईना. तेव्हा नव्या इंजेक्शनच्या अभ्यासात मी स्वखुशीने नाव दिले. मी विज्ञानाची वैरीण नाही. अंगारेधुपारे सुचवायला आलेल्यांना मी याच दारातून वाटेला लावले आहे.

अभ्यासाचा नियम असा की कोणाला औषध आणि कोणाला नुसते पाणी टोचले जाते, हे आम्हालाही कळू नये आणि डॉक्टरांनाही कळू नये. नियम योग्यच आहे. पण दरमहा आमच्या बोटाचे माप घेतले जाई. सिस्टरकडे धातूच्या कड्यांचा जुडगा होता, किल्ल्यांचा असतो तसा. कोणते कडे बोटात चढते ते त्या लिहून घेत. मापानंतर आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर बसायचो. ज्यांचे चेहरे लोक रस्त्यात वळून बघतात, अशी माणसे आयुष्यात पहिल्यांदाच एकमेकांना भेटत होती. आम्ही एकमेकांचे हात हातात घ्यायचो. त्यात न कळण्यासारखे काय राहणार?

"बाई, तुमचं बोट उतरलं की हो!" शिंपीदादा म्हणायचे. "माझं बघा, सुईसुद्धा आता पकडता येते."

मास्तरीणबाई आपला हात पुढे करायच्या. "माझं नापास. दरवर्षी त्याच वर्गात."

त्यांना पाणी मिळत होते. हे बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि त्यांनाही. तरी त्या एकदाही चुकल्या नाहीत, कारण संमतीपत्रात लिहिले होते की अभ्यास संपल्यावर सर्वांना औषध मिळेल.

मग कंपनीने अभ्यास बंद केला. कारण दिले की रुग्णांनी आपापसांत ओळखून गुप्तता मोडली. आम्ही हात धरले, हा आमचा गुन्हा! औषधाचे काय, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की अभ्यास संपलेला नाही, बंद केलेला आहे. संमतीपत्रातले वचन संपल्यावरचे होते. मी तीस वर्षे मालकांशी वाटाघाटी केल्या आहेत. इतका निर्लज्ज वकिली कावा मी कोणत्याही मालकाकडून पाहिला नाही.

मास्तरीणबाईंची आधी नजर गेली. गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबत होती. नंतर एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या मुलीने त्यांचा चष्मा माझ्याकडे आणून दिला. तो चष्मा अभ्यासाच्या प्रमुखांना, ज्यांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणतो, द्यावा. टेबलावर ठेवावा, खणात नव्हे.

औषध थांबल्यावर माझी बोटे पुन्हा जाड झाली. हृदय तर आता पिशवीसारखे सैल झाले आहे. ते फार दिवस चालणार नाही.

कलम ५. देह. मोठे डॉक्टर मागच्या आठवड्यात संत्री घेऊन घरी आले होते. पुतणी समोर बसली होती.

"ताई, औषधाआधी, औषधावर आणि औषध सुटल्यावर, अशी सलग नोंद फक्त तुमची आहे," ते म्हणाले. "ग्रंथी आणि हृदय अभ्यासाला मिळालं, तर पुढच्या रुग्णांचं भलं होईल."

"आणि आत्ताच्या?"

"तिथे माझं काही चालत नाही हो."

"कंपनी औषध अजून बनवते. तुम्ही रुग्णाच्या नावाने मागितलंत तर तिला द्यावं लागतं. नियम मी वाचलाय. सहीच करायचीय, डोंगर उचलायचा नाही."

"तसं मागणाऱ्याला पुढचे अभ्यास मिळत नाहीत, ताई. सगळा विभाग त्यावर उभा आहे."

"म्हणजे विभाग उभा राहावा म्हणून माणसं आडवी करायची."

त्यांनी संत्र्यांची पिशवी पुढे सरकवली. मग म्हणाले, "तुमच्यासारखी केस पुन्हा मिळायची नाही."

"मिळेल की. औषध बंद ठेवा, रांग लागेल."

संत्री ठेवून ते गेले. विचार करतो म्हणाले.

म्हणून मी असे ठरवते: बाकावरच्या जिवंत असलेल्या प्रत्येकासाठी, तो जगेल तोवर, हे औषध मागवण्याच्या अर्जावर मोठ्या डॉक्टरांनी माझ्या हयातीत सही करावी, आणि बंद केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष जसे असतील तसे छापावेत. तसे झाले तर माझा संपूर्ण देह त्यांना द्यावा. माझा फोटो छापताना डोळ्यांवर काळी पट्टी ओढू नये. मी कोणाचे काही चोरलेले नाही.

माझ्या मृत्यूपर्यंत ती सही झाली नाही, तर देह ग्रंथीसकट त्याच दिवशी विद्युतदाहिनीत जाळावा. एक थेंब रक्तही कोणाला देऊ नये.

दादा हे ऐकून रडला. "स्वतःचे तुकडे विकतेस?" म्हणाला. दादा, जिवंतपणी त्यांनी ते फुकट नेले. मेल्यावर तरी मला भाव करू दे.

कलम ६. माझ्या पायाचे लाकडी साचे शिंपीदादांना. माझ्या चपला शिवणाऱ्या कारागिराकडे ते आहेत. शिंपीदादांचा पाय आता माझ्याच मापाचा झाला आहे. औषध मिळून त्यांचा पाय उतरावा आणि हे साचे त्यांना फार काळ लागू नयेत, अशी माझी इच्छा आहे.

कलम ७. साक्षीदार म्हणून मला बाकावरची माणसे हवी होती. पुतणी म्हणाली, "आत्या, ज्यांना या कागदातून काही मिळतं त्यांची सही घेऊ नकोस. कोर्टात हाणून पाडतील." म्हणून ती सगळी आत्ता बाहेरच्या जिन्यात उभी आहेत. ज्यांना या कागदातून काहीच मिळणार नाही, उलट ज्यांचे काही जाऊ शकते, त्यांना बोलावले आहे. चपलांच्या कारागिराकडचे साचे जातील, आणि सिस्टर तर आजही मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली नोकरी करतात. मी त्यांना सक्ती केलेली नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला, पाणी मागितले आणि पेनही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे. याची एक प्रत आजच मोठ्या डॉक्टरांकडे रवाना केली आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च

मृत्युपत्र करणारीची सही: (सही)
डाव्या अंगठ्याचा ठसा: (ठसा)

कलम ५ मधील अर्जावर सही केल्याबद्दल मोठ्या डॉक्टरांची सही: ____________

साक्षीदार पहिला, चपला शिवणारा कारागीर: बाईंनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरी, परिचारिका: बाईंनी माझ्यासमोर पूर्ण शुद्धीवर सही केली आणि ठसा दिला. ठशासाठी छापलेल्या चौकटीत अंगठा मावला नाही, ठसा चारही बाजूंनी बाहेर गेला आहे. औषध चालू असताना नव्याने घेतलेल्या संमतीपत्रावर याच अंगठ्याचा ठसा एवढ्याच चौकटीत बसला होता. तो मीच घेतला होता. विचारले तर कोर्टातही सांगेन. (सही)