कागदांच्या पेटीतली सुकट

आय, तू जाऊन बारा वर्षं झाली आणि मला आत्ता खरं सांगायची बुद्धी सुचते आहे. हसू नकोस.

तू मोखाड्याच्या बाजारात पोत्यावर सुकटीचे वाटे लावून बसायचीस आणि शाळेत पोरी माझ्या शेजारी बसायच्या नाहीत, अंगाला वास येतो म्हणायच्या. मी चिडायचे ती त्यांच्यावर नाही, तुझ्यावर. एकदा खोडाळ्याच्या बाजारात माझ्या वर्गाच्या बाई तुझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, तर मी तोंड फिरवून बांगड्या बघत राहिले. तू त्यांना मूठभर जास्तीची घातलीस आणि मला हाकही मारली नाहीस. त्याचाही मला रागच आला होता.

पुढे मला संशोधनाच्या जहाजावर काम मिळालं. "दर्यात काय पकडशील गो बाय?" तू विचारलंस. मी म्हटलं, "हवा." पोट धरधरून हसलीस. पण खरंच तेच काम होतं. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते वायू सोडतात, शिवाय लाटांच्या फेसातले बुडबुडे फुटले की त्या जीवांचा बारीक चुरा वर उडतो, आणि असल्या कणांवरच वाफ धरून ढग होतात. ते कण आम्ही गाळणीच्या कागदांवर धरायचो. त्यातही मी शोधत होते ते त्या कणांत मुरलेले मासळीच्या वासाचे वायू. म्हणजे बघ, ज्या वासाला मी जन्मभर नाक मुरडलं, तोच मला मोजायचा होता.

जहाजावर जाण्याआधी गाळणीच्या कोऱ्या कागदांची पेटी घेऊन मी दोन दिवस घरी आले. सुकट मीच मागितली. तू निवडून, भाजून, पुडी बांधून दिलीस. कपड्यांना वास नको म्हणून मी ती पुडी कागदांच्या पेटीत सरकवली. घरी एकाच फळीवर सुकट आणि माझी पुस्तकं असायची, कधी काही बिघडलं नव्हतं. परत आल्यावर आकडे असे चढे निघाले की मी नाचायचीच बाकी होते. मग न वापरलेल्या कागदांतही तेच आकडे निघाले, म्हणजे वास दर्यावरचा नव्हता, पेटीतलाच होता. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी सगळ्यांसमोर पेटी उपडी केली आणि टेबलावर सुकटीचे चार मिशाळ तुकडे पडले. सगळ्या सफरीची माती झाली होती. मी म्हटलं, "आईने न सांगता घातली असेल. अडाणी आहे."

"लावा आईला फोन," साहेब म्हणाले. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तू बाजारात होतीस, मागे गलका होता. पेटीत सुकट तुम्ही घातली का, त्यांनी विचारलं. तू गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलंस. मग म्हणालीस, "हा साहेब, मीच घातली. पोरीला काय बी ठावा नव्हता. माझा चुकला." फोन ठेवून साहेब म्हणाले, अशा घरातून आल्यावर व्हायचंच. आणि मी मान डोलावली, आय.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्या सुट्टीत घरी येऊन मी वहिनीसमोर तुला फैलावर घेतलं. तुझ्या सुकटीने माझं वाटोळं केलं, अक्कल आहे की नाही तुला, असलं काहीबाही. इतकं रेटून बोलले की मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. तू भाकरी थापत होतीस. एवढंच विचारलंस, "नोकरी रव्हली ना?" मी उठून बाहेर गेले. त्यानंतरच्या थंडीत तू गेलीस.

आता मी शिकवते. कोरे कागद जपा हे सांगताना दरवर्षी मुलांना ही गोष्ट सांगते, आईने पेटीत सुकट घातली अशीच. मुलं खो खो हसतात. परवाही सांगितली.

हे पत्र कुठे पाठवणार? तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मग मी एक ओळही लिहिली नसती.