टॉलिव्हर वकीलबाईंची फेरनेमणूक आणि माझे दोन शब्द

तीर्थरूप अप्पा,

जगन्नाथचा वाकून नमस्कार (कंबर अजून पूर्ण वाकते, मागच्या पत्रात तुम्ही शंका काढली होती म्हणून मुद्दाम लिहितो). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींनी भाचीबरोबर दिलेलं मेतकूट पोचलं. विमानतळावरच्या माणसाने डबा उघडला, हुंगला आणि इतक्या आदराने परत बंद केला की त्याला गरम भात वाढावा असं वाटलं, असं भाची सांगते. शोभा ठणठणीत आहे. रुही कॉलेजात गेली आणि आता माझ्या चुका दोन्ही भाषांत काढते. तुमचं पत्र मिळालं. वाचनालयाच्या शताब्दीबद्दल आणि प्रमुख पाहुण्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचलं. त्यावर मला काही म्हणायचं नाही. निदान पहिल्या पानावर तरी नाही.

कारण आधी बातमी! अप्पा, आमच्या टॉलिव्हर वकीलबाई पुन्हा नेमल्या गेल्या! पाच विरुद्ध दोन! त्या सभेत मी होतो, नुसता होतो असं नव्हे, तर त्या सभेत जे काही घडलं ते माझ्यामुळे घडलं. (शोभा म्हणते, हे वाक्य दोन्ही अर्थांनी खरं आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नका.)

आता पहिल्यापासून. आमचं शहर डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला लागून. इथल्या काळ्या अमेरिकन नागरिकांच्या प्रश्नांसाठी नगरपालिकेचं एक कमिशन आहे. पगार शून्य, सभेला कॉफीसुद्धा आपापली. टॉलिव्हरबाई त्यावर तीन वर्षं होत्या आणि मुदत संपत आली होती. बाई आमच्या समोरच्या घरात राहतात, साठीच्या आहेत, डेट्रॉइटच्या कोर्टात वकिली करतात, आणि बोलताना चष्मा काढला की समोरच्याने खुर्ची धरून बसावं. आमची ओळख झाली तुळशीमुळे. मी अंगणात स्वतः साचा करून, स्वतः काँक्रीट ओतून (कुणी शिकवलं नाही, पुस्तकात पाहून) वृंदावन बांधलं, चारी कोपरे गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, एका केसाचा फरक नाही. तर सिटीची नोटीस आली की विनापरवाना बांधकाम पाडा. बाई स्वतःहून आल्या, माझ्याबरोबर सुनावणीला उभ्या राहिल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ही कुंडी आहे. झालं, नोटीस रद्द! (तुळशीला कुंडी म्हटल्यावर मी गप्प कसा बसलो, म्हणून शोभा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण तुळस आहे तिथे आहे.)

त्या दिवशी आम्ही त्यांना पोह्यांना बोलावलं. बाई म्हणाल्या, नको. शोभाने वाढले. बाई म्हणाल्या, आता खरंच नको. शोभाने पुन्हा वाढले. तिसऱ्यांदा बाईंनी ताटलीवर हात आडवा धरला, तर शोभाने तो हात प्रेमाने बाजूला करून वाढले. तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "शोभा, तुमच्या घरात 'नको'ला कायद्यात काही किंमतच दिसत नाही!" हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

बाईंची फेरनेमणूक का महत्त्वाची, तेही सांगतो. आमच्या वस्तीमागे बंद पडलेल्या स्केटिंगच्या हॉलशेजारी एक जुनी दफनभूमी आहे. शंभर वर्षांपूर्वी इथल्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, राबलेली काळी माणसं आणि त्यांची मुलं तिथे आहेत. दगड थोडे, नुसते खचलेले खड्डे जास्त. एका बिल्डरला तिथे पार्किंग हवं होतं, शेजारच्या गोदामासाठी. (इथे लोक घरात न मावणारे सोफे भाड्याच्या गोदामात ठेवतात, अप्पा, आणि त्या सोफ्यांना भेटायला जाताना गाडी लावायला जागा लागते.) बाईंनी कमिशनमधून ते काम थांबवलं, आणि कुंपणाचा ठराव पुढच्या महिन्यात यायचा आहे. त्यासाठी जागेचा नकाशा मी करून दिला. प्रत्येक खड्ड्याचं माप, ओळींमधलं अंतर, सगळं. बाई म्हणाल्या, जगन्नाथ, पाव इंचापर्यंत चालेल. मी म्हटलं, मला नाही चालत. एक खड्डा इतका लहान होता की माप लिहून झाल्यावर मी टेप गुंडाळली आणि त्या दिवशी पुढचं काम केलं नाही. तेव्हा बाई कमिशनवर राहणं म्हणजे ती माणसं जागेवर राहणं, एवढं सरळ आहे. बाई हटल्या तर त्यांच्या जागी हॅलस्टेड नावाच्या कौन्सिलरचा माणूस बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. हॅलस्टेड साहेबांचा जीव त्या पार्किंगमध्ये अडकलेला आहे.

तर बाई म्हणाल्या, सोमवारी कौन्सिलसमोर शेजाऱ्यांपैकी कुणी एक शब्द बोललं तर बरं. एक शब्द! अप्पा, तुम्ही मला ओळखता. मी पंधरा दिवस तयारी केली. शहराची सनद, म्हणजे कारभाराचे सगळे नियम, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली (ती निवडून आलेल्यांनीही वाचलेली नाही, हे मी त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखलं). भाषण आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत आणलं. दोन मिनिटांची मर्यादा. रुही घड्याळ लावून बसायची आणि ओरडायची, "बाबा, इट्स टू मिनिट्स, नॉट अ वेडिंग!" शेवटी बसवलं. आता फेरनेमणूक म्हणजे ठराव, आणि ठरावाला सूचक-अनुमोदक नको? म्हणून वक्त्यांची दोन कार्डं भरली, एक माझं आणि एक शोभाचं. तिला एवढंच सांगितलं की उभं राहायचं, 'माझं अनुमोदन आहे' म्हणायचं, बसायचं. ती म्हणाली, मला भाजी निवडायची आहे. मी म्हटलं, भाजी घेऊन चल. आणि ती खरोखरच पिशवीत मेथी घेऊन आली.

शाल आणि नारळ मी घेतले होते. दारावरच्या सुरक्षारक्षकाने नारळ यंत्रातून दोनदा पाठवला, मग कानाशी धरून हलवला, आतलं पाणी ऐकून त्याचा चेहरा बदलला, आणि मला बाजूला घेतलं. मी त्याला नारळाचं महत्त्व सांगितलं. नारळ त्याच्या टेबलावर राहिला, शाल आत गेली.

आत गेल्यावर पहिला धक्का. बाईंचं नाव पंधरा विषयांच्या एका यादीत, सांडपाण्याच्या पंपाच्या खाली, आणि ती सगळी यादी एकाच मताने मंजूर व्हायची. म्हणजे कुणी काही बोललं नसतं तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. (हे मला नंतर कळलं. आणि त्यात मौज काय राहिली असती?) दुसरा धक्का म्हणजे बाई स्वतः नव्हत्याच. कोर्टातलं काम लांबलं होतं, त्या वाटेत होत्या. तिसरा धक्का मी स्वतःच दिला. भाषण मी दोन मिनिटांत बसवलं होतं, पण त्यात व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं धरली नव्हती. आता समोर मेयरबाई आणि सहा कौन्सिलर बसलेत, तर त्यांना नावानिशी आदरणीय म्हटल्याशिवाय सुरुवात कशी करणार? ती सात नावं झाली, मग शहराचे सचिव, मग उपस्थित बंधुभगिनी. मुद्द्याला आलो तेव्हा वेळ संपत आल्याचा पिवळा दिवा लागला होता.

म्हणून मी सरळ भाषणाच्या गाभ्याला हात घातला. आपल्याकडे सत्कारात कुणाचीही सर्वांत मोठी स्तुती कोणती? की यांना खुर्चीचा मोह नाही. मी खणखणीत आवाजात म्हणालो की टॉलिव्हरबाईंना खुर्चीचा मोह नाही. त्यांनी हे पद कधीही मागितलेलं नाही. त्यांना हे पद नको आहे! आणि पुढचं वाक्य होतं, 'म्हणूनच आपण सर्वांनी आग्रह करून ते त्यांच्या गळ्यात घातलं पाहिजे.' ते वाक्य तोंडात असताना घंटा वाजली आणि माइक बंद झाला.

मी माइकशिवायही म्हणालो. पण सभागृह मोठं आहे.

हॅलस्टेड साहेब गोड हसले. ते म्हणाले, शेजारीच सांगताहेत की बाईंना हे पद नको आहे, तर आपण बळजबरी कशाला करायची? त्यांचं नाव यादीतून काढावं, माझ्याकडे एक इच्छुक माणूस आहे. मेयरबाईंनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी पेन उचललं. मी उठून हात हलवत होतो, पण एका माणसाला एकदाच बोलता येतं, हे त्या सनदेत लिहिलेलं आहे आणि ते मला पाठ आहे. अप्पा, मला ते खड्डे दिसायला लागले. सगळ्यात लहान खड्डा सगळ्यात आधी.

आणि सचिवांनी पुढचं कार्ड वाचलं. शोभा.

ती मेथीची जुडी हातात घेऊनच माइकपाशी गेली. तिचं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, दुकानापुरतं. मान्यवर नाहीत, आदरणीय नाहीत. ती म्हणाली, "माझा नवरा मानाने उलटं बोलतो. आमच्याकडे पाहुणा चहा नको म्हणतो, म्हणजे चहा आणा. त्यांना काम हवं आहे. द्या." आणि बसली. दोन मिनिटांतली बरीचशी उरली.

मागच्या रांगेतून एक हसू, मग सगळं सभागृह. हॅलस्टेड साहेब म्हणाले, हे म्हणजे ऐकीव, बाईंनी स्वतः कुठे सांगितलंय? तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि टॉलिव्हरबाई आत आल्या, कोट हातावर, धापा टाकत. मेयरबाईंनी विचारलं, बाई, तुम्हाला हे पद हवं आहे का? अप्पा, मी खुर्ची धरून बसलो. कारण आपल्याकडचं कुणीही भलं माणूस अशा वेळी काय म्हणेल? निदान एकदा तरी 'छे छे' म्हणेल. बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "हो. हवं आहे. पहिल्यांदा मागितलं तेव्हाही हवं होतं. ती माणसं जमिनीत आहेत, मॅडम, त्यांना उठून मागता येत नाही. मी मागते आहे."

पाच विरुद्ध दोन! मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. इथे टाळ्यांना बंदी आहे. वाजवल्या!

बाहेर आल्यावर बाईंनी आधी शोभाला मिठी मारली, मेथीसकट. मग माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, जगन्नाथ, तुमच्या घरात 'नको'ला किंमत नाही ते ठीक, पण इथे आहे, पुढच्या महिन्यात कुंपणाच्या ठरावाला तुम्ही नकाशा आणा आणि शोभाला बोलू द्या. मी ताबडतोब होकार दिला. एकदाही 'छे छे' म्हटलं नाही. (अनुमोदकाची कल्पना कुणाची होती, हे मात्र कुणीच विचारलं नाही. तुम्ही तरी विचारा.)

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा धाकटा भाऊ,
जगन्नाथ

ता. क. भाषणाची प्रत जोडली आहे. घंटेनंतरचा भाग जरूर वाचा. तो अजून कुणीच ऐकलेला नाही, आणि तोच चांगला होता.

ता. क. दुसरा. शाल बाईंनी घेतली नाही. शोभाने तीनदा आग्रह केला, तेव्हा बाई म्हणाल्या, शोभा, हे 'नको' सरकारी आहे, आता भेटवस्तू घेता येत नाहीत. नारळ सुरक्षारक्षकाने परत दिला, त्याच्या वड्या केल्या आणि त्यालाच नेऊन दिल्या. तो नको म्हणाला नाही. शाल मात्र घरात घडी न मोडता पडून आहे, चांगली आहे, पैठणी काठाची, आणि शताब्दीच्या समारंभात कुणाच्या तरी खांद्यावर शोभेल.

ता. क. तिसरा. आता कामाचं. तुम्ही विचारलं होतंत की शताब्दीला प्रमुख पाहुणा म्हणून येशील का. मी उत्तर लिहिलं, अप्पा, मी कोण, एखादा मोठा माणूस बघा. आणि तुमच्या आग्रहाच्या पत्राची वाट पाहत बसलो. आग्रहाचं पत्र आलंच नाही. आलं ते हे, की तुझी अडचण समजली, दातांचे डॉक्टर तयार झाले आहेत. अप्पा! जन्म त्या गावात काढून तुम्ही माझं 'नको' खरं कसं मानलंत? माझी अडचण काहीही नव्हती. त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत, पंख्याखाली, यंत्रांच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांवर बोट ठेवत मी इंग्रजी शिकलो. दुसरं कॉलेज मला नाही. तेव्हा आता सरळ लिहितो, चष्मा काढून लिहितो: मला यायचं आहे. मला प्रमुख पाहुणा व्हायचं आहे. मला ते हवं आहे. विमानाची तिकिटं काढून झाली आहेत आणि ती परत होत नाहीत. डॉक्टरांना एकदा विचारा की त्यांना खरंच हवं आहे का, आणि ते 'छे छे, मी कशाला' म्हणाले, तर कृपा करून त्यांचं पहिल्याच खेपेला ऐका.

ता. क. शेवटचा. निमंत्रणपत्रिकेत मात्र 'त्यांची मुळीच इच्छा नसताना, केवळ आमच्या आग्रहाखातर' असं छापा. गावात लोक काय म्हणतील?