नव्याचा पहिला घास

१९ जानेवारी
पोहोचले एकदाची कागलला! कंपनीच्या प्लॉटवरच खोली आहे, खिडकी उघडली की समोर पीक. गहू आणि रानटी जव यांच्या संकरातून काढलेलं हे नवं धान्य कमी पाण्यात किती येतं, तांबेरा रोगापुढे टिकतं का, हे मला तपासायचंय. पाचवा महिना, तोही लग्नानंतर सात वर्षांनी, म्हणून श्रेयसनं पुण्याहून निघताना तोंड फुगवलं होतं. पण इथले राखणदार आकाराममामा आणि त्यांची बायको अंबूमामी इतकं जपतात की नवऱ्यानं शिकावं. मामींनी न सांगता ओळखलं, आणि जिना अजिबात चढायचा न्हाय असा दम भरला. इथे जिनाच नाही.

२८ जानेवारी
पीक दृष्ट लागण्यासारखं आलंय. ओंब्या टपोऱ्या. कुसळं मात्र थेट रानटी जवाची. भिंगाखाली पाहिलं तर बारीक दात, सगळे एकाच दिशेला. लहानपणी करायचो तशी एक ओंबी बाहीत घातली. हात हलवला की वर सरकायची, मागे ओढली तर निघेना. खांद्यापर्यंत गेली. मामा हसून हसून खाली बसले.

४ फेब्रुवारी
मामींनी चुलीवर ओंब्या भाजल्या. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत इथला दाणाही तोंडात घालायचा नाही, हा नियम मीच फळ्यावर लिहिलाय. पण त्यांच्या घरात नव्याचा पहिला घास पोटुशीचा. "तू खाल्ल्याबिगर आमाला चालत न्हाय की," म्हणाल्या. तळहातावर चोळून, फुंकर मारून त्यांनी माझ्या तोंडात घातलं. मला त्यांचं मन मोडवलं नाही. दुधासारखे गोड दाणे. आणि तेवढ्यात बाळ हललं, पहिल्यांदाच! मला रडूच आलं. मग त्या दोघांनी खाल्लं.

९ फेब्रुवारी
घशात काहीतरी अडकलंय. केळं खाल्लं, कोरडा भात गिळला, जात नाही. मामांनाही तेच. फुंकर नीट मारली न्हाय, असं म्हणत मामी स्वतःलाच बोल लावतात.

१३ फेब्रुवारी
मामांच्या बरगडीजवळ गळू आलं होतं, ते फुटलं. आत कुसळ. घशातून इथवर! डॉक्टरांनी चिमट्यानं ओढलं तर ते तुटलं, उरलेलं आत गेलं. तुकडा मी भिंगाखाली धरला. भाजलेलं होतं ते — आणि हिरवंगार आहे. वाढतंय.
धैर्यशील सरांना, माझ्या साहेबांना, फोन केला. त्यांनी उतारा किती पडेल ते विचारलं.

१७ फेब्रुवारी
मामा गेले. फुप्फुसात कुसळंच कुसळं. मामी कोल्हापुरात दवाखान्यात. मला बघून त्यांनी माझ्या पोटाकडे हात केला.

१९ फेब्रुवारी
घसा मोकळा झाला. एकदम. म्हणजे खाली —

२० फेब्रुवारी
सोनोग्राफी. डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. गर्भपिशवीच्या भिंतीत एक बारीक रेघ, टोक आत, बाळाकडे. काढता येणार नाही. ओढलं की तुटतं. श्रेयस निघालाय. त्याला काय सांगू मी —

२१ फेब्रुवारी
हलायचं नाही. हललं की सरकतं. बाहीतल्यासारखं. मी हलत नाही. श्वास पण हळू.
बाळाला कोण सांगणार?
आत्ता लाथ मारली. परत. राजा, नको रे — थोडा वेळ — हलू नको, हलू न