चित्राखालची पट्टी

मिरज
४ फेब्रुवारी २०२५

चि. विनिता हिस अनेक आशीर्वाद.

कानांनी दगा दिल्यापासून फोनवर नुसती खरखर ऐकू येते, म्हणून पत्र. आईला जाऊन सोमवारी दोन महिने झाले. स्वयंपाक जमू लागलाय. आमटी मात्र रोज नव्या चवीची होते.

गेल्या वर्षी तुझ्या नव्या घरासाठी तिने ते जुनं चित्र दिलं ना, अठराव्या शतकातल्या कुणा इटालियन कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं? पंखवाला म्हातारा म्हणजे काळ, आणि त्याचा अंगरखा घट्ट धरून बसलेली बाई म्हणजे आठवण. म्हातारा तुमच्यासारखाच दिसतो, असं म्हणून ती मला चिडवायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी चित्राखालच्या कोऱ्या पट्टीवर तिने माझ्यासाठी बारीक पेन्सिलीने काही लिहिलं. वाचा, म्हणायची. मी म्हणे, वाचू सावकाश. ते राहूनच गेलं. तेवढ्या पट्टीचा मोठा फोटो काढून पाठव. मला ते वाचायचंय.

लोभ आहेच, तो तिकडच्या उन्हात आटू देऊ नकोस.
बाबा

अल मजाज, शारजा
१९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना सा. न. वि. वि.

चार दिवस कागद घेते आणि ठेवते. बाबा, ती पट्टी आता नाही. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी अल कुसैसच्या एका दुकानात चित्र फ्रेमला दिलं होतं. तयार फ्रेममध्ये ते बसेना. दुकानातल्या तहसीनभाईंनी फोन करून विचारलं, खालचा कागद मळकट आहे, कापू का? मी मीटिंगमध्ये होते. घाईघाईत म्हटलं, "यल्ला भाई, काट दो."

काल पुन्हा जाऊन आले. बिचाऱ्यांनी सगळे कोपरे धुंडाळले, पण कात्रणं रोजच्या रोज कचऱ्यात जातात. चित्र देताना मी ओझरतं पाहिलं होतं. पहिला शब्द तेवढा आठवतो, "अहो". पुढचं वाचलं नाही. मला रागवा, पण पत्र लिहा.

माया कमी करू नका.
आपली,
विनू

मिरज
४ मार्च २०२५

चि. विनूस आशीर्वाद.

रागावलो नाही. तू एकदा घाई केलीस. मला चाळीस वर्षांत सवड झाली नाही. चित्र भिंतीवरून उतरवू नकोस, तिने ते हौसेने दिलंय. जेवणाची आबाळ करू नकोस, माझ्यावर जीव असू दे.

तिच्या "अहो"ला मी जन्मभर पेपरामागून "थांब जरा" म्हणत आलो. तुझं पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओ दिली. दोनदा दिली. पुढे कोणी काही बोललं नाही.

बाबा