डाव्या दाराची किंमत

बुधवार, संध्याकाळ. तासगाव.

शिसारी आलीय नुसती. सकाळी सांगलीचा जुन्या गाड्यांचा डीलर आला. माझ्या गाडीचं डावं दार बोटानं वाजवून म्हणाला, "ठोकल्याली हाय, साहेब. लाखभर कमी धरा." दुरुस्तीचा खर्च विम्यानं दिला होता, पण ही उतरलेली किंमत कोण देणार?

विमा ऑफिसला फोन लावला. बाई म्हणाल्या, "आमच्याकडं ते बसत नाही. ज्यानं ठोकली त्याच्या विम्याकडं मागा. पोलिसांत तक्रार केली होती ना?"

कुठली तक्रार! ठोकणारा संपतअण्णा, आमच्या भावकीतला. त्याच्या लेकीच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. "केस नगं रं, घरातलंच हाय," म्हणून त्यानं हात जोडले आणि मी चहावर मिटवलं. मोठं मन! कुणी सांगितलं होतं?

आत्ता तोच येऊन गेला. वाटलं, माझं लाखाचं नुकसान कुणाकडून ऐकून लाज वाटली असेल. गाडीभोवती फिरला, तेच डावं दार बोटानं वाजवलं आणि म्हणाला, "मला दे की रं, जावयाला गाडी पायजे. पर ठोकल्याली हाय, त्या हिशोबानं बोल."