दादाच्या गाडीची रेस

३ मे, रविवार
दारिया वहिनीकडून ओरेस्टदादाची मोटरसायकल पिकअपमध्ये टाकून आणली. तेवीस तारखेला त्याला जाऊन चाळीस दिवस होतात. तोवर आत्मा घराच्या आसपास असतो आणि मग निघतो, असं आमच्या चर्चमध्ये मानतात. मी एवढं मानत नाही. त्या दिवशी त्याची गाडी कबरीपाशी चालू ठेवायची आणि प्रार्थना संपली की भावाने किल्ली फिरवून बंद करायची, असं त्याच्या मोटरसायकलवाल्या दोस्तांनी ठरवलंय. भाऊ म्हणजे मी. वहिनी म्हणाली, "वॉली, नुसती धुऊन आण. बाकी कशाला हात लावू नकोस." धुऊन! योर्कटनच्या रस्त्यांवर जन्मभर स्कूल बस चालवली मी. पूर्ण सर्व्हिसिंग करणार. दोन दिवसांचं काम.

४ मे
दादाचं हँडल फार खाली आहे, माझी कंबर धरते. उंच हँडल बसवलं. फर्स्ट क्लास. दादाने जिवंतपणी या गाडीला मला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं.

५ मे
सुरू केली. गरम झाल्यावर इंजिनाची रेस मिनिटाला अकराशे फेऱ्यांवर उतरायला हवी. तीन हजारांवर बोंबलत बसली. किरकोळ आहे. आयडलिंगचा, म्हणजे मूठ सोडल्यावरची रेस ठरवणारा स्क्रू.

७ मे
स्क्रू पूर्ण सैल केला. रेस तेवढीच. म्हणजे दोष स्क्रूचा नाही, हे सिद्ध झालं. प्रगती आहे.

१० मे
चारही कार्बोरेटर डायनिंग टेबलावर मांडून साफ केले. एल्सी म्हणाली, "आता जेवायचं कुठे? तुझ्या डोक्यावर?" बायकोला मशीनमधलं कळत नाही. परत बसवले. एक वॉशर उरला. बहुधा जास्तीचा असावा.
रेस तीन हजार.

१३ मे
हे लिहू की नको. गाडी चालू होती, ॲक्सिलरेटरची मूठ सोडलेली होती, हँडल गॅरेजच्या दाराकडे वळवलं. रेस आपोआप चार हजारांवर! सरळ केलं, उतरली. पुन्हा दाराकडे वळवलं, पुन्हा चढली. सिग्नलला थांबला की दादा अशीच मूठ पिळत बसायचा. त्याला निघायची घाई असायची.
मी घाबरलो नाही. जेवण मात्र गेलं नाही.

१४ मे
एल्सीला सांगितलं. ती हसली नाही, हे जास्त वाईट. म्हणाली, "त्याच्यासाठी खिडकीत पाण्याचा ग्लास ठेवलायस का?" ठेवला. निव्वळ प्रयोग म्हणून.

१६ मे
पाणी तसंच. दादा पाणी कधी प्यायला होता? व्हिस्की ठेवली.

१७ मे
व्हिस्की अर्ध्यावर. त्यात थोडा हात माझाही आहे. पण सगळा नाही.

१९ मे
गॅरेजमध्ये शिरताना आता दार वाजवतो. त्यात भिण्यासारखं काही नाही, ही सभ्यता आहे. आज त्याला म्हटलं, एवढं कुठे जायचंय? थांब ना जरा. रेस उतरली नाही. लहानपणीही माझं ऐकायचा नाही.
खरं सांगायचं तर रोज तिथे बसून बरं वाटतं. ती बोंबलत असते तोवर कुणीतरी आहे असं वाटतं.

२२ मे
वहिनी उद्याच्या प्रार्थनेसाठी शिजवलेला गहू दाखवायला आली. गाडी बघून भांडं खाली ठेवलं. "हे काय लावलंस? बैलाची शिंगं?" मी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. दार, मूठ, व्हिस्की. तिने हँडल दाराकडे वळवलं. गाडी किंचाळली. मला वाटलं, आता ही रडणार.
"वॉली, गाढवा," ती म्हणाली, "हँडल उंच केलंस आणि ॲक्सिलरेटरची केबल जुनीच, आखूड ठेवलीस. ती मुळातच ताणलीये. वळवलं की आणखी ताणते, मूठ पिळल्यासारखीच."
मला हा संशय होताच.
जुनं हँडल बसवलं, स्क्रू जागेवर आणला. रेस अकराशे. वहिनी गेल्यावर जरा वेळ बसून पाहिलं. काहीच नाही. नुसती मोटरसायकल. मला फार राग आला. वहिनीचा की दादाचा, ते ठरवलं नाही.

२३ मे
कबरीपाशी गाडी शहाण्यासारखी चालली. फादरची प्रार्थना संपली, सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, किल्ली अडकलीय. कुणीतरी तेल आणायला निघालं. नको म्हटलं, सुटेल आपोआप. लोक पाय बदलत उभे राहिले. तिकडे चर्चच्या तळघरात जेवणासाठी मांडलेले कोबीचे रोल थंड होत होते. शेवटी वहिनीने सगळ्यांना पुढे पाठवलं आणि स्वतः थांबली. म्हणाली, "चालू दे थोडा वेळ."
किल्ली अडकली नव्हती.
मग गाडी एकदा खोकली, आणखी एकदा खोकली आणि बंद पडली. एवढ्या सर्व्हिसिंगमध्ये पेट्रोल भरायचं राहून गेलं होतं. रिझर्व्हचा खटका माझ्या गुडघ्यापाशीच होता. फिरवला असता तर आणखी बराच वेळ चालली असती. वहिनीलाही ते माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हात नेला नाही.
दफनभूमीपासून चर्चपर्यंत ढकलत आणली. वहिनी मागून जोर लावत होती. फार जड आहे गाडी. दादा एकटा कशी हलवायचा, कोण जाणे.