तांब्याभर पाण्याची जीप

शारदावहिनी,

शाळेतनं आल्यावर तुम्ही कुकर लावाल, म्हणून आधीच लिहून ठेवतो. त्याची शिट्टी आता नीट बसत न्हाय. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांची जीप दारात आणून धुतली, तवा म्याच तो वापरला.

दुष्काळात गाडीला पाणी कोण देणार? म्हणून चारचौघांत बोलून बसलो, तांब्याभर पाण्याच्या वाफेवर जीप लख्ख करून दावतो. शिट्टी काढून रबरी नळी बसवली, कुकर स्टोव्हवर चढवला. वाफेनं सीटांवरचा मळ सुटला, पण सगळा आतच मुरला. तो ओढून घ्यायला थेटरवाल्याचं खुर्च्या साफ करायचं मशीन मागून आणलं होतं, तर ऐन वेळी लाईट गेली. सीटांवर डाग उठले. साहेब यायच्या आत ते धुवायला आपला रांजण उपसला.

सीटा वाफेनंच ओल्या झाल्या असं समजून साहेब लई खूश झाले. मी नुसता हसत उभा राहिलो.

घागरी घेऊन मळ्यातल्या विहिरीकडं गेलोय, मिळंल तेवढं आणतो. उद्या टँकरच्या रांगेत बाया तुम्हालाच विचारतील, दिरानं तांब्याभर पाण्यात जीप कशी धुतली म्हणून. तेव्हा खरं ते सांगून टाका. माझ्यानं झालं न्हाय.

भास्कर